गावचं एकमत आणि एकाचं मत

येवगेनी झाम्यातिनच्या 'आम्ही' या रशियन कादंबरीत निवडणुकीच्या दिवसाला एकमताचा दिवस म्हणतात. वर्षातून एकदा सगळी प्रजा एका जागी जमते, राज्याचा सर्वेसर्वा समोर उंचावर बसतो आणि 'हाच हवा ना?' असं विचारलं की लाखो हात एकदम वर जातात. चिठ्ठी नाही, पडदा नाही. लपवायचंच काय, असा त्या राज्याचा रोखठोक सवाल. कादंबरीतल्या त्या वर्षी मात्र 'विरोधात कोण?' असं रिवाज म्हणून विचारल्यावर हजारो हात वर होतात. एकच गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशीच्या सरकारी पेपरात छापून येतं की निवड एकमतानेच झाली, कारण ते विरोधी हात हिशेबात धरण्याच्या लायकीचे नव्हते.

१९२०-२१ साली रशियात लिहिलेलं हे प्रकरण मी गोंदियाजवळच्या नागऱ्यात बसून वाचलं आणि मला ते मुळीच परकं वाटलं नाही. आमच्या भागात याला बिनविरोध म्हणतात.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की कुठल्याही गावात पहिली बैठक देवळाच्या ओट्यावर बसते. कशाला तो खर्च, कशाला ती भांडणं, आपसात ठरवून टाकू. हेतू वाईट असतो असं मी म्हणणार नाही. निवडणुकीनंतर सख्खे भाऊ एकमेकांच्या बांधीत पाणी जाऊ देत नाहीत, हे आम्ही धानवाले चांगलं जाणतो. काही आमदार बिनविरोध गावाला लाखोंचा निधी जाहीर करतात, पेपरात गुलाल उधळलेला फोटो येतो. त्या फोटोत न दिसणारा एक माणूस असतो: ज्याला 'गावाच्या भल्यासाठी' अर्ज मागे घ्यायला लावलं तो. बहुधा ती बाई असते, किंवा ज्याच्या जातीची घरं गावात मोजकी असतात असा कोणी. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे तर २०२०च्या अखेरीस सरपंचपदाची बोलीच लागली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या, आणि जानेवारी २०२१मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. गाव एकमताने वागलं होतं. आयोगाने विचारलं ते एवढंच, की हे एकमत कुणी, कसं आणि कितीला घेतलं?

मी गोंदियातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, राहते नागऱ्याला. गोंदियापासून पाचेक किलोमीटरवरचं गाव. जुन्या हेमाडपंती शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी लोकांना ठाऊक. वर्गात ऑर्वेलचं नाव काढलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, बिग ब्रदर म्हणजे आपला बिग बॉस का?" पोरं हसली. पण उत्तर 'हो' असंच आहे. ऑर्वेलने १९४९ साली 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये भीती म्हणून रंगवलेली बिग ब्रदरची ती पाळत पन्नास वर्षांनी नेदरलँड्समध्ये करमणुकीचा कार्यक्रम झाली, आणि २०१८पासून ती मराठीतही आहे. घरात कॅमेरे, बाहेर जायला बंदी, आणि दर आठवड्याला सगळ्यांनी मिळून एकाचं नाव घ्यायचं. त्यात जायला लोक रांगा लावतात.

अशा पुस्तकांना इंग्रजीत डिस्टोपियन म्हणतात. बिघडलेल्या उद्याची गोष्ट, एवढं समजलं तरी पुरे. या कथांचं ठरलेलं भांडण 'मी' आणि 'आम्ही' यांच्यात असतं. झाम्यातिन जहाजांचा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये राहून त्याने रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजं बांधून घेतली होती. त्याच्या कादंबरीत माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. नायक डी-५०३, त्याला बिघडवणारी बाई आय-३३०. घरं काचेची, पडदा ओढायचा तर परवानगीची चिठ्ठी लागते. शेवटी डी-५०३च्या मेंदूतली कल्पनाशक्ती ऑपरेशन करून काढतात, आणि तो आय-३३०चा छळ शांतपणे बघत बसतो. ऑर्वेलने ही कादंबरी वाचून १९४६ साली तिच्यावर लिहिलं, आणि 'नाइन्टीन एटी-फोर'मधला त्याचा नायक विन्स्टन त्याच वाटेने गेला. विन्स्टनला नुसतं मारून राज्याचं समाधान होत नाही. त्याने मनापासून हो म्हणायला हवं असतं.

आयन रँडच्या 'अँथेम'मध्ये (१९३८) तर 'मी' हा शब्दच भाषेतून पुसलेला आहे. इक्वॅलिटी ७-२५२१ नावाचा रस्ते झाडणारा तरुण विजेचा दिवा पुन्हा शोधून काढतो, विद्वानांच्या सभेतून पळतो आणि जंगलात जुन्या काळचं घर सापडल्यावर तिथल्या पुस्तकांतून 'मी' शिकतो. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत रँडची पुस्तकं हातोहात फिरतात. माझ्या धाकट्या दिरानेही नागपूरहून अशीच आणली होती. मला त्या घराच्या प्रसंगात एक गोष्ट खटकली. नायक दिवसेंदिवस पुस्तकं वाचतो. त्याच्यामागून आलेली बाई तासन् तास आरशात बघते. सापडलेला 'मी' एकट्या त्याच्याच वाट्याला आला की काय? आणि त्या घरात सैपाक कोण करत होतं, हे रँडबाई सांगत नाहीत.

या तिन्ही पुस्तकांत 'आम्ही' म्हणजे सरकार. फौज, पोलीस, भिंतीवरचा डोळा. तसलं सरकार आपण अजिबात पाहिलं नाही असं नव्हे. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, नाहीतर आपल्याला झाम्यातिन वेगळा वाचावा लागला नसता. पण ते दिवस गेले. आमच्याकडच्या पोरीला रोज जो 'आम्ही' भेटतो त्याच्याकडे फौज नसते. तो चहाच्या टपरीवर बसलेला असतो, हळदीकुंकवाला आलेला असतो. "लोक काय म्हणतीन," एवढंच तो म्हणतो.

हे ओळखणारी बाई मला अमेरिकेत सापडली. अर्सुला ले ग्विनच्या 'द डिस्पझेस्ड'मध्ये (१९७४) अनारेस नावाच्या कोरड्या, गरीब ग्रहावर सरकार नाही, तुरुंग नाही, खासगी मालकी नाही. सगळे मिळून राबतात आणि वाटून खातात. लेखिकेचं त्या समाजावर प्रेम आहे. तरीही तिचा नायक शेव्हेक, मोठा भौतिकशास्त्रज्ञ, तिथे गुदमरतो. कोणी बंदी घालत नाही. फक्त त्याचं काम छापायचं राहून जातं. त्याचा मित्र टिरिन एक नाटक लिहितो, ते लोकांना आवडत नाही, चारचौघांत त्याची निंदा होते आणि तो वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पोचतो. कायदा नसलेल्या समाजात लोकमताचाच कायदा होतो, आणि त्यावर अपील नसतं.

तेंडुलकरांनी हे सात वर्षं आधी मराठीत करून ठेवलं होतं, तेही भविष्यकाळाची मदत न घेता. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ सालचं. मुंबईची हौशी नाटक मंडळी एका गावात प्रयोगाला येतात, वेळ जात नाही म्हणून खोटा खटला खेळतात, आरोपी म्हणून लीला बेणारेला उभी करतात. खेळ हळूहळू खरा होत जातो. त्या खोलीत सरकारचा एक शिपाईसुद्धा नाही. जवळजवळ सगळे तिचे सोबती, एका गाडीने आलेले. बेणारे शिक्षिका आहे, आणि मीही शिक्षिका असल्यामुळे मला ते नाटक वाचताना नेहमी पहिल्यांदा तिच्या नोकरीची काळजी वाटते. मराठीतली सगळ्यात भेदक डिस्टोपिया कोणती असं मला विचारलं तर मी या नाटकाचं नाव सांगेन.

आता यावर कोणी म्हणेल, मग गाव सोडा, एकटे राहा. ते म्हणणाऱ्याने आषाढात आमच्याकडे यावं. रोवणीच्या दिवसांत एकट्या माणसाच्या हातून अर्धी बांधीही उरकत नाही. पऱ्हे उपटणाऱ्या वेगळ्या, पेंढ्या वाहणारे वेगळे, रोवणाऱ्या बायांची रांग वेगळी. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. वरच्याने धुरा फोडला नाही तर खालच्याचं धान पिवळं पडतं. भंडारा-गोंदियातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पिढ्यान् पिढ्या अशाच सामाईक पाण्याच्या शिस्तीवर चालले. तुकडोजी महाराजांनी एक्केचाळीस अध्यायांची 'ग्रामगीता' लिहिली तीही या विदर्भातल्या गावांकडे बघूनच. माझ्या सासूबाई सामुदायिक प्रार्थनेला अजून जातात. त्यांना रँड कळणार नाही, आणि त्यात त्यांचं काही बिघडत नाही.

पण याच गावाबद्दल बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत फार कडक शब्द वापरले. गाव हा राज्यघटनेचा पाया करावा असं म्हणणाऱ्यांना त्यांनी ठणकावून सांगितलं की मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक मानला, याचा आपल्याला आनंद आहे. ते गावाच्या बाहेर, वेशीपलीकडे जगलेल्या माणसांच्या वतीने बोलत होते. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांना 'आम्ही सगळे एक' हे वाक्य कसं ऐकू आलं असेल?

समूह मोठा की व्यक्ती, या भांडणाचा कायदेशीर निकाल लागायलाही फार वर्षं गेली. मुंबई राज्याने १९४९ सालीच समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी आणली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिलं, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला: धार्मिक समूहाला आपलं घर सांभाळण्याचा हक्क आहे म्हणून. त्यानंतर पाचेक दशकं जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाला हातात धरायला नेमका कायदा नव्हता. विधिमंडळाने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो जुलै २०१७पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याच्या लांबलचक नावातच 'व्यक्तींचे संरक्षण' हे शब्द आहेत. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. पहिलं का व्हावं लागलं, तेही वाचकांनी मनात आणावं.

तर गाव हवंही आणि गावाची भीतीही. यातून मार्ग कसा काढतात, हे मी दोनदा जवळून पाहिलं आहे. आमच्या नात्यातल्या एका गावी पोरगा-पोरगी पळून गेले आणि स्वतःच परत येऊन तंटामुक्ती समितीपुढे उभे राहिले. (ही समित्यांची मोहीम १५ ऑगस्ट २००७ला सुरू झाली, सरकारी कागदावर तिचं काम तंटे मिटवण्याचं, पण आमच्याकडे तिने प्रेमविवाहही बरेच लावून दिले.) ग्रामपंचायतीच्या खोलीत सतरंजी, भिंतीवर गाडगेबाबा आणि तुकडोजींचे फोटो. अध्यक्षांनी आधी शाळा सोडल्याचे दाखले मागितले, चष्मा पुसून जन्मतारखा दोनदा वाचल्या. मग पोरीच्या बापाला म्हणाले, "भाऊ, तुम्ही थोडे बाहेर बसा जी." तो उठला नाही. अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं, समितीतल्या दोन बायांना पोरीजवळ बसवलं आणि विचारलं, "बाई, तू आपल्या मनानं आली का? कोणाचं भेव नको धरू." ती एवढंच म्हणाली, "होय जी." रजिस्टरवर तिची सही झाल्यावरच हार आणायला माणूस पाठवला. बाप शेवटपर्यंत बोलला नाही, पण चहा घेतला. कोणीतरी मला कानात सांगितलं की चहा घेतला म्हणजे झालं.

दुसरा प्रसंगही तसल्याच एका खोलीतला, गाव वेगळं. विधवा बाई नवऱ्याच्या वाट्याची जमीन मागत होती. तिला कोणी बाहेर बसवलं नाही, तिच्या दिराला तर नाहीच. घरचं घरात ठेव, लेकराच्या शाळेचं दीर बघेल, असं सगळे समजुतीने बोलले. कोणीही आवाज चढवला नाही. शेवटी रजिस्टरमध्ये 'सामोपचाराने मिटला' असं लिहिलं गेलं आणि तिने अंगठा दिला. तिला सही येत होती.

मला या सगळ्या पुस्तकांतून जे घ्यायचं ते या दोन खोल्यांच्या फरकात आहे. समूह वाईट आणि एकटा माणूस चांगला, ही वाटणी कॉलेजच्या पोरांना आवडते, पण टिकत नाही. 'नाही' म्हणणाऱ्याला त्याच गावात दुसऱ्या दिवशी दुकानातून उधार मीठ मिळतं का, एवढं पाहावं.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) याबाबतीत सगळ्यांच्या पुढे गेलं. साडेचारशे-पाचशे वस्तीचं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही तिथली घोषणा. वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना २००९ साली मिळाला. बांबूची वाहतूक परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती यायला मात्र २०११ उजाडलं. ती द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. २०१३ साली गावाने जमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे दिल्या. कागदावर बघाल तर झाम्यातिनला घाम फुटेल असं हे 'आम्ही'. पण निर्णय घ्यायची रीत बघा. बहुमत चालत नाही, सगळ्यांची सहमती लागते. एकाचंही समाधान झालं नसेल तर विषय पुढे ढकलतात आणि पुन्हा बोलायला बसतात. एकमताच्या दिवशी उठलेला विरोधी हात झाम्यातिनच्या राज्यात मोजलाच जात नाही. मेंढ्यात तो एक हात अख्खी सभा थांबवतो. अर्थात थांबवणाऱ्यावर नजरेचा दाब येतच असणार. माणसंच ती. तरी त्याला थांबवायचा हक्क आहे, हे त्यालाही ठाऊक असतं आणि बाकीच्यांनाही.

आणि आता गावच विरळ होत चाललं आहे. या अंगाने विचार करणारं मराठी पुस्तक नागपूरच्या माणसाने लिहिलं: नंदा खरे यांचं 'उद्या' (२०१४). खरे स्थापत्य अभियंता, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. बांधकामांत वर्षं घातली आणि 'आजचा सुधारक' या मासिकाचं संपादनही केलं. त्या मासिकाचं नाव आगरकरांच्या १८८८च्या 'सुधारका'वरून. म्हणजे लोक काय म्हणतील याची पर्वा न करणाऱ्यांच्या घराण्यातलं. 'उद्या'त हुकूमशहाचा पुतळा शोधू नका. तिथे सर्वव्यापी पाळत आहे, माणसाला वस्तू करून टाकणारा बाजार आहे, कंपन्यांच्या दाढेत गेलेलं जंगल आहे, आणि मुली इतक्या कमी झाल्या आहेत की त्यातून नवीच हिंसा जन्मते. ही शेवटची गोष्ट लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. आणि तो आकडा कोणा सरकारच्या हुकमाने खाली आला नाही. एकेका घराने आपापलं, खासगीत ठरवलं.

'मी' आणि 'आम्ही'च्या जुन्या भांडणात न बसणारं ते हेच. प्रत्येकाने स्वतःपुरतं शहाणपण केलं आणि सगळ्यांचं मिळून जे झालं ते कोणालाच नको होतं. हक्स्लेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) निदान सुखाची गोळी तरी सगळ्यांना एकच वाटतात. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनवर वेगळं काही चालू असतं. त्याला वाटतं ते खास त्याच्यासाठी निवडलं आहे, आणि ते खरंही असतं. निवडणाराही कोणीतरी आहे, हे त्याला जाणवत नाही. माझे विद्यार्थी 'बिग ब्रदर'ला हसले ते त्यामुळेच. त्यांच्याकडे वटारून बघणारा कोणी नाही. बघणारा त्यांना आवडेल असंच वागतो.

'उद्या'ला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा खऱ्यांनी तो घेतला नाही. समाजाने आपल्याला पुष्कळ दिलं, आता पुरस्कार घ्यायचे नाहीत, असं त्यांनी काही वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. २०२२च्या जुलैत ते गेले.

या पुस्तकांची सुरुवात कुठून करावी असं विद्यार्थी विचारतात, म्हणून सांगते. आधी 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचा, ते कुठल्याही वाचनालयात मिळतं. मग 'उद्या' घ्या. पहिली काही पानं जड जातील, तरी सोडू नका. ले ग्विन सवडीने वाचा. 'अँथेम' पातळ आहे, एका रात्रीत संपते, आणि वाचणारा पोरगा दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांशी भांडतो. त्याला भांडू द्या, फक्त ताट त्याचं त्यालाच धुवायला लावा. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत 'सगळ्यांना मंजूर?' असं विचारतील तेव्हा तुम्हाला मंजूर नसेल तर उठून तसं सांगा, आणि ते तुमच्या नावासकट इतिवृत्तात लिहिलं गेलं का, तेही वाचून बघा.